राजीखुशीने लिहून देते

मी आयुष्यात कादंबरी वाचली नाही, आणि हे मी वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षापर्यंत मोठ्या तोऱ्यात सांगत असे. लग्नात, मुंजीत, चार माणसं जमली की कोणीतरी पुस्तकांचा विषय काढायचं आणि मी म्हणायचो, "खोटं वाचायला आपल्याला वेळ नाही बुवा. खरंच इतकं पडलंय." लोक हसायचे. त्यांतल्या एकानंही मला तोंडावर मूर्ख म्हटलं नाही, याचा आता संताप येतो.

मी व्यंकटराव चौसाळकर, राहणार पुंडलिकनगर. नोंदणी खात्यात एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची चौदा दुय्यम निबंधक म्हणून. म्हणजे जमिनीचा, घराचा दस्त करायला लोक ज्या साहेबापुढे उभे राहतात, तो साहेब. मराठवाड्यातले सहा तालुके पाहिले. खरेदीखत, बक्षीसपत्र, मृत्युपत्र, हक्कसोड, सगळं डोळ्यांखालून गेलं. माणसाची नियत मला कागदावरून कळते, असा माझा दावा होता.

दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या पडद्यानं दगा दिला. कडेचं दिसतं, मधलं जातं. माणसाकडे पाहिलं तर कान दिसतात, चेहरा दिसत नाही. अक्षरं तर गेलीच. पत्नी आधीच गेलेली, मुलगा शंतनू पुण्याला. त्यानं फोनाफोनी करून दिवसभरासाठी मोनालीला ठेवलं. तिशीची असेल. बारावी झालेली, माहेर लासूर स्टेशनकडचं, नवरा वाळूजच्या कंपनीत, भाड्याची खोली आमच्याच मागच्या गल्लीत. स्वयंपाक करायची, डोळ्यांत थेंब घालायची आणि पेपर वाचून दाखवायची. पेपर वीस मिनिटांत संपायचा, कारण निम्म्या बातम्यांना मी चिडून "पुढे" म्हणायचो. मग अख्खी दुपार उरायची. ती स्वयंपाकघराच्या दारात बसून लायब्ररीतलं पुस्तक वाचायची आणि मी पंख्याचा आवाज ऐकत पडायचो.

एक दिवस न राहवून विचारलं, "काय वाचतेस?"

"कादंबरीय."

"शिकलेली मुलगी तू. खोटंनाटं कशाला वाचतेस?"

"मी आता मोठ्यानं वाचते काका. तुम्हाला नको असंल तर कानात बोळे घाला."

बोळे मी घातले नाहीत. पहिली कादंबरी कोकणातल्या एका पोस्टमनच्या बायकोची होती. पानापानाला मी वाद घातला. "असं कुठं असतं का?" मी म्हणायचो, आणि ती मान वर न करता "असतंय काका" म्हणून पुढे वाचायची. दुसरी मालेगावच्या एका यंत्रमाग कामगाराची. मालेगावबद्दल माझी मतं ठाम होती, नोकरीत ऐकलेल्या गप्पांवर बेतलेली. त्या कामगाराच्या बापाच्या ऑपरेशनपर्यंत आम्ही आलो आणि शनिवार-रविवार मध्ये पडला. दोन दिवस मला जेवण गोड लागेना. शंतनूचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, "सगळं ठीक, फक्त रशीदच्या वडिलांचं काय होतंय कोण जाणे." तो घाबरून म्हणाला, "बाबा, रशीद कोण?" सांगितल्यावर म्हणाला, "अहो, त्यापेक्षा पॉडकास्ट ऐका. माहिती तरी मिळेल." माहिती! मी जन्मभर माहितीच गोळा केली. मालेगावची लोकसंख्या मला पाठ होती. तिथला माणूस बापाला ऑपरेशनला आत नेल्यावर बाहेर बाकावर बसून काय विचार करतो, हे मला कोण्या माहितीनं सांगितलं नव्हतं.

मोनालीला मी एकदा विचारलं, या पुस्तकांचा तुला काय उपयोग? ती म्हणाली, "एका पुस्तकात तुमच्यासारखं एक म्हातारं व्हतं. रिटायर, लई खवट. बायको गेल्यावर तिचा चष्मा रोज पुसून ठेवायचं. ते वाचलं तवापासून मी तुमच्यावर पहिल्याइतकी चिडत नाय." मी तिला चहा कर म्हणालो.

तिसरं पुस्तक दिवाळीच्या आधी महिनाभर सुरू झालं. त्यात आवडा नावाची एक बाई होती. दोन भाऊ, सहा एकर, वडील वारलेले. भाऊ तिला हक्कसोड करायला घेऊन जातात. बहिणीनं वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा भावांना सोडून द्यायचा, त्याचा हा कागद. आपल्याकडे तो किती सर्रास होतो, हे मी कोणाला सांगावं? आठवड्यातून दोन-तीन तरी माझ्याच टेबलावरून जायचे.

आवडा कचेरीत पोचली तसा मी सरसावून बसलो. आता माझ्या प्रांतातली गोष्ट होती. मोनाली वाचत होती: साहेब मान वर न करता विचारतो, राजीखुशीनं करतेस ना गं बाई? आवडाच्या मागे दोन्ही भाऊ उभे. ती मान हलवते. साहेब शिक्का मारतो.

"थांब!" मी ओरडलो. "साफ चूक आहे. या लेखकाला कामाची पद्धत ठाऊक नाही. आधी ओळख पटवावी लागते, साक्षीदार लागतात, मग 'दस्तातला मजकूर तुम्हाला मान्य आहे का' असं विचारतात. आणि 'गं बाई' म्हणत नाहीत."

"मग काय म्हणतात?"

"ताई म्हणतात."

"आन् मान वर करतात का?"

"पुढे वाच," मी म्हणालो. ती पुढचं पान वाचू लागली.

पुढचं पान आवडाच्या डोक्यात चाललेलं होतं. साहेबानं विचारल्यापासून ती मान हलवेपर्यंतच्या दोन क्षणांवर लेखकानं अडीच पानं खर्च केली होती. नाही म्हटलं तर काय होईल, याचा ती हिशेब लावत असते. पंचमीला कोणाच्या दारात उतरायचं? नवऱ्यानं हात उचलला तर पिशवी घेऊन कुठं जायचं? आणि शेवटी, मेल्यावर अंगावर घालायचं लुगडं भावानं आणायचं असतं, ते कोण आणणार? मरणाला ती भीत नव्हती. बिनमाहेरचं मरायला भीत होती. एवढं सगळं त्या दोन क्षणांत, आणि समोरचा साहेब घड्याळाकडे बघतोय, कारण त्याची डब्याची वेळ झालेली.

मी उठून गॅलरीत गेलो. माझे कान तापले होते. लेखकावर चिडलो होतो असं वाटलं, पण तसं नव्हतं. एकतीस वर्षं माझ्यापुढे खऱ्या बायका उभ्या राहिल्या. माझ्यापासून हातभर अंतरावर. तेव्हा माझे डोळे शाबूत होते, मधलंही दिसत होतं. एकीचाही चेहरा आठवेना. मी काय पाहिलं? अंगठा नीट उमटला की नाही. फोटोत पदर चेहऱ्यावर आलाय का. त्यांची मान हलली आणि मी ती संमती समजून नोंदवली. उलट मला कौतुक वाटायचं, कशा गुणी बहिणी आहेत आपल्या समाजात! आणि हे सगळं मला कळावं कशातून, तर कोणीतरी घरात बसून बनवलेल्या, जगात नसलेल्या एका बाईमुळे!

आत आलो आणि आवडाच्या भावांवर घसरलो. "हलकट आहेत दोघं! बहिणीच्या ताटातलं ओढून घेतात. लाज नाही वाटत?"

मोनालीनं पुस्तक मिटलं. "काका, येत्या सोमवारी मला सुट्टी पायजे."

"कशाला?"

"तालुक्याला जायचंय. माझा भाऊ, गोकुळदादा, येणारे घ्यायला. सही करायची हाय."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी टेबलावर हात आपटला, पाण्याचं भांडं खाली पडलं. "हक्कसोड? आणि हे वाचून तू सही करणार? अगं, दोन हजार पाचपासून मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. कायदा आहे तसा!"

"कायदा मला ठावं हाय. बारावी झालीय मी." ती फरशी पुसू लागली. "भाऊबीजेला न्यायला कायदा येत नाय काका. दादा येतो."

"बावळट आहेस!"

"व्हय, असंल." मग फडकं तसंच हातात धरून तिनं विचारलं, "तुमच्या बहिणीनं सही केली व्हती का नाय?"

"ते वेगळं होतं," मी म्हणालो.

फडकं पिळलं आणि आत गेली.

वेगळं काय होतं? मी ज्या घरात बसून हे सांगतोय, ते घर वडिलांच्या नावावर होतं. माझी बहीण पद्मजा नांदेडला दिलेली. वडील गेल्यावर मी तिला बोलावून घेतलं, माझ्याच खात्यातल्या एका मित्राच्या कचेरीत नेलं. त्यानं विचारलं, तिनं मान हलवली, मी तिच्या मागे उभा होतो. नंतर तिला साडी घेतली, नारायणपेठी, आणि स्टेशनवर सोडलं. गाडी सुटताना ती म्हणाली होती, "दादा, वरची खोली माझ्यासाठी ठेव हं." मी हो म्हणालो आणि वर्षभरात ती खोली भाड्यानं दिली. पद्मजा चार वर्षांपूर्वी वारली. तिला आता काही विचारता येत नाही. तिच्या अंगावर घालायला माहेरचं लुगडं नेलं होतं मी, वेळेवर नेलं होतं, आणि त्याचंही मला तेव्हा समाधान वाटलं होतं!

रविवारी मोनालीला खास बोलावून मी पुस्तक पूर्ण करून घेतलं. मला वाटत होतं, आवडा शेवटी कोर्टात जाईल. ती गेली नाही. सही करून भावाच्या घरी आली, वहिनीनं पुरणपोळी वाढली, आणि पहिला घास तिच्या घशाखाली उतरेना. संपलं पुस्तक.

"लेखकाला धमक नव्हती," मी म्हणालो. "नाही म्हणायला लावायला हवं होतं तिला."

"लेखकाला आमची घरं ठावं असत्याल," मोनाली म्हणाली. "तुम्हाला कायदा ठावं हाय."

मला राग आला, पण खरं ते खरं. आवडाला जसं समजून घेतलं तसं मी तिला घेतच नव्हतो. मी तिच्या मागे उभा राहून तिची मान दुसऱ्या बाजूला वळवू पाहत होतो. भावानं एका बाजूनं दाबायचं, मी दुसऱ्या. मग माझ्यात आणि त्याच्यात फरक तो काय?

"उद्या मी येतो तुझ्याबरोबर," मी म्हणालो. "काही बोलणार नाही. तू सही केलीस तरी बोलणार नाही."

तिनं पुस्तक पिशवीत घातलं. मग म्हणाली, "उन्हाची टोपी घ्या."

शंतनूला कळलं तसा तो फोनवर ओरडला, "बाबा, लोकांच्या घरच्या मामल्यात तुम्ही कशाला पडताय?" मी म्हणालो, "तुझ्या आत्याच्या वेळी कोणी पडलं नाही म्हणून," आणि फोन ठेवून दिला.

गोकुळ जीप घेऊन आला. त्याला शिव्या घालायची मी तयारी केली होती, पण माणूस भला निघाला. माझा हात धरून जीपमध्ये बसवलं, पिशवीभर ओल्या शेंगा दिल्या. वाटेत आपणहून म्हणाला, "काका, आमच्यात समद्याच बहिणी सह्या देत्यात. कुणी जबरदस्ती करत नाय बघा." आणि तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. मलाही एकतीस वर्षं तसंच वाटत होतं. वाईट माणूस असता तर भांडता तरी आलं असतं. भल्या माणसांच्या या निरागसपणाची मला त्या दिवशी जितकी चीड आली तितकी लबाडाची कधी आली नव्हती.

कचेरीत गर्दी होती. दस्त आधीच टाइप झालेला. साहेबांच्या खोलीत नंबर लागला तेव्हा मोनाली पुढे, तिच्या मागे गोकुळ, आणि मी भिंतीकडेच्या खुर्चीत. साहेब तरुण होते, आवाजावरून पस्तिशीचे. फोटो झाला. साक्षीदारांचे अंगठे झाले.

मी काही बोलणार नाही असा शब्द दिला होता. तो मी मोडला. पण तिच्याशी बोललो नाही, साहेबांशी बोललो.

"साहेब, मी याच खात्यातला आहे. दुय्यम निबंधक म्हणून रिटायर झालो. एक विनंती आहे. विचारायच्या आधी भावाला बाहेर पाठवा."

गोकुळ म्हणाला, "काका?" त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं.

साहेब जरा वैतागले. "सर, बाहेर पन्नास माणसं उभी आहेत. तुम्ही स्वतः असं करायचात का?"

"नाही," मी म्हणालो. "एकदाही नाही. माझ्या सख्ख्या बहिणीच्या वेळीसुद्धा नाही. म्हणून तर सांगतोय."

टेबलावर पेन ठेवल्याचा आवाज आला. मग साहेब म्हणाले, "दोन मिनिटं बाहेर थांबा हो तुम्ही." गोकुळ गेला. दार लागलं. मीही उठत होतो, पण मोनाली म्हणाली, "तुम्ही बसा. तुम्हाला कुठं चेहरा दिसतो."

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "ताई, दस्त वाचलाय ना? राजीखुशीनं लिहून देताय?"

ती गप्प. मी मनात म्हटलं, आता ती अडीच पानं चाललीत. पंचमी, पिशवी, लुगडं. तिची आई गोकुळकडेच राहते, तीही त्यात असेल. आणखी काय काय असेल, जे लेखकालाही सुचलं नाही. काय उत्तर येणार ते मला खरोखर माहीत नव्हतं, आणि ते माहीत नसणं मला आयुष्यात पहिल्यांदा जमलं होतं.

कॉम्प्युटरवरचा पोरगा कंटाळून म्हणाला, "ताई, हो म्हणा ना पटकन. सर्व्हर चालू आहे तोवर होऊन जाईल."

"गप रे," साहेब म्हणाले.

"नाय," मोनाली म्हणाली. आवाज इतका बारीक की साहेबांनी पुन्हा विचारलं. मग ती मोठ्यानं म्हणाली, "नाय. राजीखुशीनं नाय."

साहेबांनी दस्त बाजूला ठेवला आणि पुढचा नंबर पुकारला. तेवढंच. आभाळ कोसळलं नाही. साहेबाच्या खुर्चीतल्या चौदा वर्षांत मी हे एकदा तरी करू शकलो असतो, त्याला दोन मिनिटं लागतात!

बाहेर कडूनिंबाखाली गोकुळ उभा होता. तिनं सांगितलं. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं असावं, कारण तो म्हणाला, "काकांनी भरवलं व्हय डोक्यात?"

"काका कायबी बोलले नाय. साहेबानं ईचारलं, मी सांगितलं."

"मग भाऊबीजेला येऊ नको," तो म्हणाला. "मी काय तुला परकी केली व्हती का? काय कमी केलं तुला? आता आईला काय सांगू मी?"

मोनाली रडत होती, ते मला ऐकू येत होतं. पण ती मागे हटली नाही. "आईला सांग, मोनालीला एकटीला ईचारलं तर ती नाय म्हणली. आन् मग आईला ईचार दादा. तिनं बी सही दिली व्हती मामाला. तू जवळ बसून ईचार, तवा तिला कुणी ईचारलं व्हतं का."

गोकुळ जीपमध्ये जाऊन बसला, इंजिन चालू केलं. आम्हाला टाकून जाणार, असं मी धरून चाललो होतो. तो गेला नाही. इंजिन बराच वेळ तसंच चालू राहिलं, आणि मग त्यानं ते बंद केलं.